चिंचेवरच्या लेकी

मंद्रूप, ता. ९ मार्च १९७५

ती. सौ. अक्कास,
गुरुलिंगचा शि. सा. न. वि. वि.

तुला सातवा लागला, तरी आणायला कुणी गेले नाही म्हणून आई रोज अप्पांच्या मागे लागते. पण गड्ड्याच्या जत्रेत भाऊजींनी आपल्या बैलाला म्हातारा म्हटल्यापासून अप्पा तुमच्या दाराचे नाव काढत नाहीत. आणि तुझ्या सासूबाई म्हणे बाप न्यायला आल्याशिवाय पाठवणार नाहीत. दोघांपुढे कोण बोलणार?

दारातल्या चिंचेवर यंदा ढोकांची सतरा घरटी झाली. पिल्लांच्या तोंडचे मासे थेट आईच्या पापडांवर पडतात. वासाला कंटाळून शेजारच्या तिप्पण्णांनी फांद्या तोडायचे पंचांपुढे काढले. गावात आपण ढोकांना लेकी म्हणतो, ते धरून अप्पांनी पंचांना बजावले की लेकींचे बाळंतपण माहेरीच होणार, कुणी हात लावायचा न्हाय. तिप्पण्णा आता नाकाला उपरणे लावून फिरतात.

प्रकृतीस जप. लोभ आहेच, तो राहू दे.
तुझा गुरुलिंग


सोलापूर, ता. १५ मार्च १९७५

चि. गुरुलिंगास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र सासूबाईंनी शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतले. त्यांचे सगळे कानडीत चालते, मराठी जेमतेम. ढोक हे आपले कुणी भाऊबंद असावेत असे त्यांना वाटले. लेकी, बाळंतपण, माहेर आणि पंच एवढे मात्र नीट कळले. व्याह्यांनी पंचांपुढे शब्द दिला म्हणून त्या खूश आहेत, बापाने न्यायला यायची अटही सोडली. मी खुलासा केला नाही, डिंकाचे लाडू वळायला बसले.

२३ तारखेच्या रविवारी हे मला एस.टी.त बसवून देणार. पण अप्पांनी बोलावले नाही, हे मला तर ठाऊक आहे. आपल्याच घरी चोरासारखे यायचे म्हणून सारखे रडू येते. अप्पांना विचारून कळव.

आईस नमस्कार. माया असू दे.
तुझी अक्का, चन्नम्मा


मंद्रूप, ता. १९ मार्च १९७५

चि. सौ. चन्नम्मा हिस अनेक आशीर्वाद.

गुरुलिंगाने तुझे पत्र जेवताना वाचून दाखवले. तुझी आई हसली. मी हसलो नाही. पंचांपुढे मी पाखरांविषयी बोललो होतो. विहीणबाईंचा गैरसमज झाला आहे, तो तसाच राहू दे. बैल म्हातारा नाही, आठ वर्षांचा आहे.

एस.टी.ने येऊ नकोस. ढोकांना आणायला कुणाला जावे लागत नाही, ते उडत येतात. तुला तसे येता येणार नाही. शनिवारी सकाळी मी न्यायला येतो.

घरी सर्वांस नमस्कार सांग. जावईबापूंसही.

तुझे अप्पा