तुम्ही वर केलेला झेंडा

बाबा, त्या लोकांनी फुटबॉल क्लबचा इतिहास लिहून काढलाय आणि त्यात तुम्हाला सव्वा पान दिलंय. वाचून मला अक्षरशः किळस आली. क्लबच्या आताच्या सेक्रेटरीने सोमवारी पीडीएफ पाठवली, सोबत दोन गोड ओळी: पुस्तक छापायला जातंय, शुक्रवारपर्यंत नजर टाका, काही चुकलं असेल तर कळवा. इथे अमेरिकेत, रेडमंडमध्ये हिवाळ्याचा पाऊस लागलाय. ऑफिसातून बसने येताना मी फोनवरच वाचायला घेतलं आणि माझा स्टॉप मागे गेला तरी मला कळलं नाही. मग मैलभर भिजत चालत घरी आलो आणि वाटभर त्यांना शिव्या घातल्या, मराठीत. तुम्ही दर रविवारी माझ्याकडून एक पान मराठी लिहून घ्यायचात, त्याचा असाही उपयोग होतो.

पुस्तकात सगळं साखरेत घोळून ठेवलंय. वेल्समधलं ते खाणीचं गाव, डोंगरउतारावरचं मैदान, मेंढ्या हाकलल्याशिवाय न सुरू होणारी मॅच, खाणीत आणि पोस्टात राबून शनिवारी हौसेने खेळणारी माणसं. कपडे बदलायच्या खोलीला येणारा मुताचा वास कुठे नाही. दर मॅचला लाइनवर झेंडा घेऊन उभा राहणारा माणूस कसा निवडायचे, तेही नाही. रेफरी तेवढा लीगकडून यायचा. लाइन्समन मात्र दोन्ही क्लबांनी आपापला द्यायचा, आणि आपला माणूस आपल्या पोरांकडे जरा कानाडोळा करणार हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं असायचं. बोलायचं कोणी नाही. तुम्हाला झेंडा दिला तो याच भरवशावर. गावचा डॉक्टर मैदानाजवळ असलेला बरा, डॉक्टरला शिव्या कोण घालणार, आणि त्याचा स्वतःचाच मुलगा टीममध्ये आहे. तुम्ही काय केलंत, तर लीगकडून नियमांचं पुस्तक मागवलंत, पेन्सिलीने खुणा करत वाचलंत आणि दवाखान्यात ब्लडप्रेशरच्या मशीनशेजारी ठेवून दिलंत. त्या अख्ख्या क्लबात ते पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेला तुमच्याशिवाय एक माणूस नव्हता.

सीझनची शेवटची मॅच. मी एकोणीस वर्षांचा. जिंकलो तर क्लब पहिल्यांदाच वरच्या डिव्हिजनमध्ये जाणार, बरोबरी झाली तर नाही. पाच मिनिटं उरलीत, बरोबरीच आहे. मधून लांब पास येतो. चेंडू निघतो त्या क्षणी त्यांचा शेवटचा बचाववाला माझ्या मागे आहे, पुढे फक्त गोलकीपर. म्हणजे नियमाने मी ऑफसाइड आहे, थोडाथोडका नाही, चांगला दीड पाऊल. मला ते माहीत आहे, त्याचा श्वास मला पाठीमागे ऐकू येतोय. तरी मी धावतो आणि गोल होतो. माणसं मैदानात घुसतात, कोणीतरी मला उचलतं. मग एका बाजूने आवाज कमी कमी होत जातो. तुम्ही लाइनवर उभे आहात, तपकिरी ओव्हरकोटात, झेंडा सरळ वर धरून. रेफरी येऊन तुम्हाला काहीतरी विचारतो, तुम्ही एका वाक्यात सांगता, आणि तो गोल रद्द करतो.

कपडे बदलायच्या खोलीत कॅप्टनने सगळ्यांसमोर विचारलं, "तू ऑफ होतास का?" मी म्हणालो, "नव्हतो." बस्स, एवढंच. ते बाहेर पोचायला दोन मिनिटंही लागली नसतील, कारण तुम्ही घरी आलात तेव्हा तुम्हाला ते माहीत होतं. आईने खिचडी टाकली होती. तुम्ही हात धुऊन बसलात आणि म्हणालात, "तू पुढे होतास." मी म्हणालो, "नव्हतो." तुम्ही दोन घास खाल्लेत. "पुढे असणं हा काही गुन्हा नाही. धावणारा माणूस कधी पुढे जातोच. पण चार लोकांत नव्हतो म्हणालास, हे बरं नाही केलंस." मग आईकडे लोणचं मागितलंत. पुन्हा त्याबद्दल एक अक्षर काढलं नाहीत. ओरडला असतात तर मला भांडता तरी आलं असतं.

सोमवारी सकाळी दवाखान्याच्या दाराशी आंधळ्याची पांढरी काठी ठेवलेली निघाली, तिला काळा चष्मा बांधलेला. तो बेत रविवारी पबमध्ये शिजला तेव्हा मी त्याच टेबलावर होतो आणि सगळ्यांत मोठ्याने हसलो होतो. तुम्ही काठी आत घेतलीत, चष्मा सोडवून टाकलात, आणि मोतीबिंदूने धडपडणाऱ्या एका म्हाताऱ्या पेशंटला ती देऊन टाकलीत. पुढच्या सीझनला झेंडा दुसऱ्याच्या हातात दिसला. तुम्हाला कोणी सांगायचीही तसदी घेतली नाही. तरीही तुम्ही दर शनिवारी बॅग घेऊन मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहायचात आणि ज्यांनी ती काठी ठेवली त्यांचे घोटे बांधायचात. मला तुमचा तेव्हा राग यायचा. आता विचार केला की माझीच मला शिसारी येते.

आता त्या सव्वा पानात काय आहे ते ऐका. "आमचे लाडके डॉक्टर, मनाने सोन्यासारखे, पण आमच्या खेळाच्या बारकाव्यांशी फारसे परिचित नसलेले." आमच्या खेळाच्या! पंचवीस वर्षं त्या गावाची पोटं तपासलीत, अर्धी टीम तुमच्या हातांवर जन्मली, आणि तुम्ही बिचारे बाहेरचे, तुम्हाला ऑफसाइड कुठून कळणार. काठीचा किस्सा गावाच्या विनोदबुद्धीचा नमुना म्हणून घातलाय. आणि शेवटी हे वाक्य: "त्यांचा मुलगाही आजवर ठामपणे सांगतो की तो ऑफसाइड नव्हता."

त्यांना कशाला दोष देऊ? हे मीच सांगितलंय. दोन वर्षांपूर्वी सेक्रेटरीने आठवणी गोळा करायला फोन केला तेव्हा त्याला रंगवून सांगितलं. इथे तर तीस वर्षं सांगतोय. गणपतीच्या जेवणाला मंडळी जमली की कोणीतरी म्हणतंच, "अरे, तो तुझ्या बाबांचा किस्सा सांग ना यार, गोल कॅन्सल केला तो." मी उभा राहून तुमची नक्कल करतो, हातात पेपर नॅपकिनचा झेंडा. सगळे हसतात. एकदाच, नागपूरहून आलेल्या एका रिटायर्ड डॉक्टर काकांनी हसणं थांबल्यावर विचारलं होतं, "पण मग तुम्ही होता की नव्हता?" मी म्हणालो, "काका, गोड काय घेणार, श्रीखंड की मोदक?"

बुधवारी लेकीने माझ्या खांद्यावरून ते पान वाचलं. सतरा वर्षांची आहे, तुम्ही गेल्यावर झालेली, तिला तुम्ही पाहिलं नाहीत. म्हणाली, "सो वर यू ऑफसाइड, बाबा?" मी म्हणालो, "इट वॉज व्हेरी क्लोज." "दॅट्स नॉट अ‍ॅन आन्सर." स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अगं, चाळीस वर्षं झाली त्याला, जाऊ दे ना आता." लेक नुसती बघत राहिली, तुमच्यासारखी, आणि मग वर निघून गेली.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी सेक्रेटरीला लिहायला बसलो. लिहिलं, "मी ऑफसाइड होतो. माझे वडील बरोबर होते." दोन वाक्यं, लिहायला अर्धं मिनिटही लागलं नाही. मग त्यांच्याकडे बघत बसलो. त्या टीममधले चौघं अजून जिवंत आहेत, नाताळला मला कार्ड पाठवतात, त्यांच्या नजरेत मी कसा दिसेन हे मनात आलं. इथली मंडळी काय म्हणतील तेही आलं. तुम्ही मात्र मनात आला नाहीत बाबा, किंवा आलात ते असे, की तुम्हाला आता काय फरक पडतो. ती दोन वाक्यं पुसली. हे पत्र तर कुठे जाणारच नाही. ज्याने तुमच्या नावावरचा डाग धुतला गेला असता ते पाठवलं नाही, आणि आता वही भरतोय.

एक सांगायचं राहिलं. मेल पाठवली मी. पुस्तक फार सुंदर झालंय असं लिहिलं आणि एक दुरुस्ती सुचवली. त्यांनी लिहिलं होतं की तो गोल मी डोक्याने मारला. मी कळवलं की डाव्या पायाने. तेवढं मात्र चुकीचं छापलेलं मला चाललं नसतं.