समूचं पथ्य

४ ऑक्टोबर, नेर

समूच्या पिंढरीवर काळानिळा डाग पाह्यला. दसऱ्याचं सोनं द्याले लेक-जवाई आले होते. पाय दुखते म्हणून ती खाटेवर पसरली, तं साडी जराशी वर सरकली. "काय झालं माय?" इचारलं. म्हणे, "बाजेले लागलं, बाबा."

बाजेले! जिंदगी एसटीत कंडक्टरी करण्यात गेली माही. बिनतिकिटाचा माणूस तोंड उघडायच्या आधी वळखत होतो. खोटं बोलणाऱ्याची नजर पहिले खिडकीकडे जाते. समूची गेली.

रजत — जवाई — दारात उभा होता. लय गरीब चेहरा करून. मले गरीब चेहऱ्यायचा भरोसा नाही.

५ ऑक्टोबर

नंदाले सांगतलं. बायको म्हणे, "तुम्हाले साऱ्या दुनियेत चोरच दिसते." दिसते तं काय करू!

तिले नाही समजत, मले समजलं. समूच्या कमरेवर पांढरा डाग हाये, रुपयाएवढा. लग्नाच्या आधी निघाला. जवायाच्या घरी सांगतला नाही — मीच नाही सांगू देला. लोकं कोड म्हणते अन् उठून जाते. दारव्ह्याकडच्या एका वैद्याची पुडी चालू केली. त्याचं पथ्य कडक. आंबट बंद! लिंबू, चिंच, टमाटर, संत्रं, पेरू, काहीच नाही. हिरवी भाजी नाही, आलू नाही, मिरची नाही. ज्वारीची भाकर, मुगाचं वरण, वरून तूप. सासरी कोणं इचारलं तं पित्त होते म्हण, असं शिकवून धाडलं. अन् माह्या गळ्याची शप्पथ घातली. पोरगी उन्हाळ्यापासून पाळून राह्यली.

आता त्या रजतले डाग दिसला असन. फसवलं म्हणून पोरीले मारून राह्यला. दुसरं काय?

८ ऑक्टोबर

फोन केला. "पथ्य पाळून राह्यली ना?" "हो, बाबा." आवाज असा, जसा तापातून उठली. मागून जवाई बोलला — "सांग ना त्यायले." काय सांग? तिनं फोनच ठेवला. धाक हाये पोरीले, पक्का धाक!

११ ऑक्टोबर

समूच्या सासरी, लोहाऱ्याले जाऊन आलो. न सांगता गेलतो — चेकिंग सांगून होत नसते.

समूनं दार उघडलं. भिंत धरून चालते! दंडावर नवा डाग. चहा पेली तं कपाले रक्त लागलं. तोंड उघड म्हटलं — हिरड्या सुजलेल्या, वांग्यासारख्या जांभळ्या. तोंडावर मारलं लेकाच्यानं! "खरं सांग माय." रडाले लागली. म्हणे, "ते कायले मारतीन, बाबा? मले पायरी चढली तरी दम लागते, बस." नवऱ्याले वाचवून राह्यली.

स्वयंपाकघरात पाह्यलं, तं टोपलीभर लिंबं! कोणं आणले? "त्यायनं." पोरीचं पथ्य माहीत असून तिच्या डोळ्यासमोर लिंबं ठेवते. मुद्दामून छळून राह्यला!

निघताना बजावलं — पथ्य आणखी कडक पाळ, डाग गेला की सारं निस्तरते. नवी पुडी देऊन आलो. मान हलवली तिनं.

१३ ऑक्टोबर

राहवलं नाही. जवायाच्या कंपनीच्या गेटवर जाऊन उभा राह्यलो. सुटी झाली, तो निघाला, तशी कॉलर धरली. "माह्या पोरीवर हात उचलतं?" सारे लोकं पाहून राह्यले. पाहू दे!

त्यानं कॉलर सोडवलीही नाही. म्हणे, "मामाजी, उद्या तिले दवाखान्यात नेतो. तुम्ही याच. माह्यं ऐकत नाही ती."

नाटक. पण जातो. डॉक्टरसमोर उघडा पडन.

१४ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाईले मीच आधी सांगतलं, "मारलं हिले. तसं लिहून द्या."

बाईनं पाय पाह्यले. हिरड्या पाह्यल्या. केसायच्या मुळाशी बारीक लाल ठिपके होते, ते पाह्यले. मंग इचारलं, "जेवणात काय खाते?" समूनं माह्याकडे पाह्यलं. भाकर, वरण, तूप — सांगतलं. "अन् फळ? भाजी? लिंबू?" समूनं नाही म्हणून मान हलवली.

"हे माराचे डाग नाहीत, काका," बाई म्हणे. "हिच्या शरीरात क जीवनसत्त्व उरलेलंच नाही. ते शरीर स्वतः बनवत नाही, खाण्यातूनच यावं लागतं. ते नसलं की रक्ताच्या नळ्या कमजोर होतात, आतल्या आत फुटतात. हिरड्या सुजतात, दात हलतात, जखमा भरत नाहीत. आणखी उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं. रक्त तपासू, गोळ्या आजच सुरू करू. पण आंबट बंद केलं कोणी?"

जवायानं गोळ्यायची चिठ्ठी घेतली. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तं बरं वाटलं असतं.

बाहेर त्यानं संत्रं सोललं अन् तिच्यासमोर धरलं. घेईना! हात पदरात. माह्याकडे पाहून म्हणे, "बाबा, शप्पथ सुटली म्हणा."

अरे देवा! डॉक्टरनं सांगूनही माह्या गळ्यासाठी अडून बसली पोरगी. "सुटली," म्हटलं. "सुटली माय, सुटली, खाय!" तेव्हा खाल्लं. हिरड्या झोंबल्या असन, डोळ्यातून पाणी निघालं, तरी खात राह्यली. मी तिथंच बाकावर बसून रडलो. लाज नाही वाटली.

१८ ऑक्टोबर

हिरड्यायचं रक्त थांबलं म्हणे. उरलेल्या पुड्या नालीत फेकल्या.

२२ ऑक्टोबर, पाडवा

दिवाळसणाले दोघंही आले. भिंत न धरता चालली समू! जेवताना जवायाची माफी मागतली. मंग तेही सांगून टाकलं — तिच्या कमरेवर डाग हाये, मीच लपवला.

तो तिच्या वरणावर लिंबू पिळत होता. म्हणे, "मले माहीत होतं, मामाजी. पाहाले आलो त्याच दिवशी सांगतलं तिनं."

"मंग पथ्य कायले पाळलं माय?"

"तुमची शप्पथ होती ना, बाबा."