गुण आला का?

४ मार्च
आलो एकदाचे! नवऱ्याची बदली आणि माझा सहावा महिना, दोन्ही एकदमच. घर मात्र झकास आहे. स्वयंपाकघरात भरपूर उजेड, मोरीला नवा नळ, आणि सामान लावायला शेजारच्या काकू न बोलावता हजर. माझ्या ओकाऱ्या अजून थांबत नाहीत, खोकी उघडता उघडता दोनदा मोरीकडे पळाले. काकू म्हणाल्या, कोपऱ्यावरच्या डॉक्टरबाईंकडे जा, त्यांना हातगुण आहे.

७ मार्च
दवाखाना गच्च भरलेला. निम्म्या बायकांच्या कडेवर पोरं, आणि तरी सगळं चिडीचूप! माझी भाची असती तर छप्पर उडवलं असतं. डॉक्टरबाईंनी साध्या पुडीत पिवळ्या गोळ्या बांधून दिल्या. कसल्या म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, डॉक्टर तुम्ही का मी? मला सहसा कुणी गप्प करत नाही. पण ओकाऱ्या थांबणार असतील तर मी काहीही गिळेन, इतकी वैतागलेय.

१२ मार्च
ओकाऱ्या बंद! पोटभर जेवले. काकू रोज विचारतात, गुण आला का? दुकानदारही विचारतो, दूधवालाही. मी सांगते, आला हो आला. मग सगळे माझ्या पोटाकडे बघून हसतात. भोचक मेले!

१५ मार्च
सकाळपासून बाळ हललं नाही. एरवी नुसता धुडगूस. आईला फोन केला. ती म्हणाली, आधी ती गोळी बंद कर आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखव. काकूंना सांगितलं तर त्या खूश! म्हणाल्या, म्हणजे गुण आला.
तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी ओकाऱ्यांचं सांगत होते, त्या बाळाचं विचारत होत्या. आमच्याकडची पोरं गुणी, म्हणाल्या. रडणं नाही, हट्ट नाही, बसवलं तिथे बसतात. वळण पोटातच लावावं लागतं.
त्यांच्या नातवाला मी चिमटा काढला. हो, काढला, चांगला जोरात. त्याने माझ्याकडे पाहिलं. बस्स, नुसतं पाहिलं.

१७ मार्च
गोळ्या संडासात ओतल्या. नवऱ्याला सगळं सांगितलं. म्हणाला, तुझं आपलं काहीतरीच, ऑफिसातल्या सगळ्यांच्या बायका घेतात.
दुपारी बाळाने लाथ मारली! ढसाढसा रडले मी.

१९ मार्च
दूधवाला दारावरून पुढे जातो. दुकानदार तोंड फिरवतो. काकू दारात उभ्या राहून ओरडल्या— तुझं एक रडकं पोर सगळी गल्ली बिघडवेल. दूध नवऱ्याने आणलं. पिवळसर दिसलं. मोरीत ओतलं. त्याने बघितलं—

२० मार्च
बॅग भरली होती. आई स्टेशनवर येणार होती— दार उघडलं तर डॉक्टरबाई, काकू, आणखी चौघी. हात नवऱ्याने धरले. माझ्या नवऱ्याने! म्हणाला, जरा सहन कर, बाळाच्या भल्यासाठीच— सुई टोचली. फोन नेला. बाहेरून कडी.
बाळ लाथा मारतंय. मार, राजा, मार. घर डोक्यावर घे. अजून मारतंय— जरा हळू— नाही, ही बघ मारली— ही—
अरे, मार ना—