थोरल्या भावाची बाजू

३ मार्च
शाळेत बायबलचा तास सगळ्या वर्गांचा एकत्र असायचा. आम्हा दोघी बहिणींत एकच पुस्तक. माझं पान वाचून व्हायचं तेव्हा धाकटी अजून अर्ध्यावर असायची. मी पान उलटलं की ती बाकाखालून चिमटा काढायची आणि मी तोंडातून आवाज न काढता सोसायची. सिस्टर म्हणायच्या, किती गुणी पोरी!
आज कोर्सचं पहिलं पाकीट पोस्टाने आलं. कोऱ्या कागदाच्या वासाने ते सगळं आठवलं. घरबसल्या शास्त्राभ्यास, शेवटी सर्टिफिकेट. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या बाईला त्यात अवघड काय? पहिली येणार.
संकल्प: रोज पहाटे एक अध्याय. मन शांत.
हे म्हणाले, पहिली कुणात? घरात तू एकटीच तर शिकते आहेस. दुर्लक्ष केलं.

११ मार्च
पहाटे उठणं झालं नाही. यांचं घोरणं.
धाकटी महिनाअखेर मुलाकडे चालली आहे, परदेशात, कायमची. हे कुठूनसं ऐकून आले. जाईना का!
आईचं शेवटचं दुखणं मी काढलं. पाठ चोळली, भांडं दिलं, रात्री जागले. ही बया उगवली अगदी शेवटी, पर्स हलवत. आणि आईने शिवणयंत्र दिलं कुणाला? हिला! जिला सुईत दोरा ओवता येत नाही. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं. मनात राग म्हणून काही नाही. विसरूनसुद्धा गेले.

१६ मार्च
उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर असाइनमेंट. धाकटा वाटणी घेऊन जातो, सगळं उडवून परत येतो, बाप मेजवानी देतो. थोरला बिचारा शेतात राबतोय, त्याला कुणी सांगतही नाही. मी थोरल्याची बाजू मांडली. पुरवण्या जोडल्या.
मार्गदर्शक बाईंचा शेरा: निबंध जोरदार. प्रश्न बापाविषयी होता.
तडक फोन लावला. बाई रिटायर्ड शिक्षिका, आवाज लोण्यासारखा. म्हणाल्या, चिडू नका हो. मी म्हटलं, मी चिडलेलीच नाही. वरच्या मजल्यावरच्या बाई खाली विचारायला आल्या, काय झालं म्हणून.

२० मार्च
धडा पाचवा, क्षमा. त्यात प्रॅक्टिकल! ज्याच्याशी बोलणं तुटलं आहे त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐका, मध्ये एक शब्द बोलू नका. हा काय शास्त्राचा अभ्यास झाला?
यांना समोर बसवलं. म्हणाले, बरं झालं, लग्नापासूनचं साचलंय. तुझा स्वभाव मुळात... एवढ्यात मला चूक दुरुस्त करावी लागली. हे उठले. म्हणाले, झालं तुझं प्रॅक्टिकल.
रिपोर्ट पाठवला: पूर्ण ऐकले.

२४ मार्च
मार्गदर्शक बाईंचा फोन. यजमानांशी तुमचं बोलणं तुटलं होतं का? म्हटलं, आता तुटलंय.
त्यांनी धडा परत पाठवला.
संध्याकाळी धाकटीकडे जायला निघाले. गल्लीच्या तोंडाशी चपलेचा अंगठा तुटेल असं वाटलं, म्हणून परतले. आणि मोठीने का जायचं? दाखल्यात थोरल्याची समजूत घालायला बाप स्वतः घराबाहेर आला होता. हे कुणी वाचत नाही.

२९ मार्च
ती आली. वाळली आहे. बस म्हटलं तरी बसली नाही. म्हणाली, ताई, उद्या निघते. आईने यंत्र दिलं तेव्हा ती मला म्हणाली...
मी म्हटलं, काय म्हणाली असेल ते मला ठाऊक आहे! मग भांडं, पाठ, रात्री, पर्स, सगळं काढलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मध्ये एक शब्द बोलली नाही. मी दमल्यावर म्हणाली, तू अजून पान आधी उलटतेस गं. आणि जिना उतरून गेली.
यांना म्हटलं, पाहिलंत? उत्तर नव्हतं तिच्याकडे.
थोड्या वेळाने बेल. टेम्पोवाला. बाई, मशीन कुठं ठेवू? आत्ता गेल्या त्या बाईंनी वर पोचवायला सांगितलंय.
आईचं यंत्र. तेल घातलेलं. सुईत दोरा ओवलेला.

३० मार्च
विमान सकाळीच गेलं. फोन लागत नाही.
कोर्स बंद. शिकवणाऱ्यांचीच तयारी कमी पडते.
वाटण्या लिहून ठेवते, माझ्यामागे घोळ नको. कोर्सची पुस्तकं वरच्या मजल्यावरच्या बाईंना, निम्मा अभ्यास त्यांचा कानावर पडूनच झाला आहे. बायबल यांना. यांचं साचलेलं ऐकायला मार्गदर्शक बाई.
शिवणयंत्र धाकटीला. ओवलेला दोरा कुणी काढू नये. मात्र ते मी गेल्यावर न्यायचं नाही. मी असतानाच तिने यावं, बसावं, आई काय म्हणाली ते पूर्ण सांगावं, मगच उचलावं.
मी मध्ये बोलणार नाही. फार तर एकदा.