सुईवरचे टाके

गुरुवार, १२ डिसेंबर १९७४

अक्काचं पहिलं बाळ गेलं, तेव्हापासून आईचं एकच, मूल येईस्तोवर नवं काही करून ठेवायचं नाही. मी तरी चोरून स्वेटर विणला. एकाआड एक टाका सुई खालच्या ओळीच्या टाक्यात घालून विणला, म्हणजे वीण जाड, उबदार होते. पण दुसऱ्या बाहीचे टाके बंद करायला धीरच झाला नाही. महिनाभर सुईवरच ठेवले. पुरा झाला नाही तर नवा कसा म्हणायचा? आपलीच समजूत.

आज करमाळ्याहून दाजी आले. दारातूनच म्हणाले, "मुलगी झाली. अक्का आन् बाळ, दोघी बऱ्या हायत."

आईने पदराने डोळे पुसले आणि माझ्या ट्रंकेकडे बोट केलं.

"काढ की तो स्वेटर. बंद कर आता टाके."