वापर बंद

ता. ४ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट पाहून दचकू नकोस, घरातले दोघेही धडधाकट आहोत. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू स्वतःच्या मनाने भरतेस, म्हणून लिहायला बसलो.

तुझ्या भावजयीला डोंगराने झपाटलं आहे. हॉस्पिटलातून निवृत्त झाली तेव्हा मला वाटलं, आता दोघं गॅलरीत बसून पेपर वाचू. पण दर रविवारी ही उजाडायच्या आत बूट चढवून गायब! डोंगर तरी कसला, शेवटच्या बसथांब्याच्या मागे सुरू होतो आणि वर मोबाइलचा मनोरा आहे. सोबतीला एक दंतवैद्य, एक विमा एजंट आणि एक निवृत्त मुख्याध्यापिका. दोन पायांवर भागत नाही म्हणून प्रत्येकाच्या हातात दोन-दोन काठ्या. वर जायचं, एकमेकांचे फोटो काढायचे, खाली यायचं. यांना म्हणे डोंगर बोलावतो. मला आजवर एकाही डोंगराने हाक मारलेली नाही आणि माझं काही अडलं नाही.

इथवर मी सोसलं. पण आता पुढच्या महिन्यात ही मंडळी डोंगराच्या माथ्यामाथ्याने आठ दिवस चालत जाणार आणि तंबूत झोपणार आहेत. शिवाय पहिल्याच दिवशी याच डोंगराच्या कड्याला एक जुनाट लोखंडी शिडी लागते. ती कोणी कधी तपासली, असं विचारलं तर कोणालाच माहीत नाही. मी जन्मभर लिफ्ट तपासल्या. माझी लाल पाटी, ‘तपासणीत नापास. वापर बंद.’, एकदा लागली की इमारतीचा मालक कितीही बडा असो, जिन्यानेच जायचा. ज्याने पाटी लावली त्यानेच फेरतपासणी करून ती काढायची, हा आमच्या खात्याचा नियम. आणि माझ्याच बायकोने विनातपासणीच्या शिडीवर चढावं?

तुझा शब्द ती खाली पडू देत नाही. तेव्हा तू तिला दोन ओळी खरमरीत लिही. मी सांगितलं हे मात्र लिहू नकोस.

लोभ आहेच, या वेळी थोडा कामालाही लाव.

तुझा,
धाकटा

ता. ११ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा काळजीने आणि एकदा करमणूक म्हणून. दुसऱ्या वेळी जास्त आवडलं.

तू म्हणालास म्हणून तुझ्या बायकोला लगेच लिहिलं. पाठीवरच्या पिशवीसाठी तिच्या खांद्यांचं माप मागवलं आहे. बाजारातल्या पिशव्यांची शिवण दोन पावसाळ्यांत उसवते. मी जन्मभर मुलींना शिवण शिकवलं, माझ्या भावजयीने असली पिशवी घेऊन फिरावं हे मला बघवणार नाही. जाड कापड आणलं आहे, कप्पे भरपूर ठेवणार आहे. माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला नसता तर पिशवीबरोबर मीही आले असते.

आता शिडीचं. तुला शिडीची काळजी आहे की स्वतःच्या चहाची, हे मला लांबूनही कळतं. ही बाई तीस वर्षं वॉर्डात उभी होती. तिथल्या मरणाच्या दगदगीची तपासणी करायला तू कधी गेला नाहीस. आता ती स्वतःच्या आनंदासाठी चार पावलं चढते, तर तुला लगेच नियम आठवले. दंतवैद्याला नावं ठेवतोस, त्याच्या वयाचा होऊन तू काय करतोस? खुर्चीत बसून पोट वाढवतोस.

तिच्याशिवाय घरात करमत नाही, एवढंच असेल तर तसं तिला सांग. ते सांगायला खात्याची परवानगी लागत नाही.

आशीर्वाद आहेतच, अक्कल तू तुझी आण.

ताई

ता. २० ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. उत्तराला वेळ लागला, कारण परवा बाथरूममध्ये पाय घसरला. घोटा सुजला आहे आणि दोन्ही तळहात सोलवटले आहेत. नळाची तोटी फार धारदार आहे. विशेष काही नाही.

ही माझ्याशी बोलत नाही. मलम लावते, पट्टी बांधते, गोळी हातावर ठेवते आणि निघून जाते. वॉर्डातल्या अनोळखी पेशंटशीसुद्धा ती याहून बरी वागत असेल. मी डोंगराविषयी चकार शब्द काढलेला नाही. सहज म्हणून कळवतो, ती शिडी तशी भक्कम आहे. असं मी ऐकलं.

तिचं तुला काही पत्र आलं का? आलं असेल तर त्यात काय आहे ते थोडक्यात कळव. आणि नसेल आलं तर येणारं फार मनावर घेऊ नकोस. रागात माणूस काहीबाही लिहितो.

लोभ असाच ठेव, चौकशा जरा कमी.

तुझा,
धाकटा

ता. २१ ऑक्टोबर

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

पिशवी मिळाली. खांद्यावर अशी बसली आहे की काढावीशी वाटत नाही. आमच्या मुख्याध्यापिकेने तिचे कप्पे मोजले आणि स्वतःची पिशवी लपवली.

आता इथली हकिकत. तुमच्या भावाने तुम्हाला काहीतरी वेगळंच कळवलं असेल, म्हणून मी झालं तसं लिहिते.

रविवारी सरावासाठी आम्ही कड्याखाली पोचलो तर शिडीच्या पहिल्या पायरीला लाल पाटी. ‘तपासणीत नापास. वापर बंद.’ सगळे जागीच थबकले. दंतवैद्य म्हणाले, सरकारने एवढी दखल घेतली म्हणजे प्रकरण गंभीर आहे, परत फिरू. मी मात्र पाटीचा मोडका कोपरा बघत होते. तो कोपरा मीच मोडला होता, फ्रिज डुगडुगायचा तेव्हा त्याच्या पायाखाली सरकवून. ही पाटी आमच्या कपाटामागे असते. तेवढ्यात वरून शिंक ऐकू आली. वन्सं, नवऱ्याची शिंक बाई गर्दीतही ओळखते.

वर पाहते तर हे. ऑफिसचे बूट घालून, एका झुडपाला दोन्ही हातांनी मिठी मारून बसलेले. दूध आणायला जातो म्हणून माझ्याआधी घरातून निघाले होते आणि पहिली बस पकडून इथे आले होते. पाटी लावून गुपचूप परतले असते तर मला पत्ताही लागला नसता. पण पाटी खोटी असली तरी तपासणी खरी झाली पाहिजे, हा ह्यांचा बाणा. म्हणून वरचे बोल्ट बघायला चढले. सगळे बोल्ट घट्ट निघाले. मग ह्यांनी खाली पाहिलं. जन्मभर लिफ्टच्या चार भिंतींत वरखाली केलेला माणूस, उघड्यावर डोळेच फिरले. थोडक्यात, शिडी पास झाली आणि हे नापास.

कोणाच्याही सांगण्याने उतरेनात. विमा एजंटने तर धीर द्यायच्या नावाखाली अपघात विम्याची माहिती सुरू केली. शेवटी मी खालून ओरडून सांगितलं की पाटी तुम्ही लावलीत, नियमाने तुम्हीच काढायची, आणि ती इथे खालच्या पायरीला आहे. मग एक बूट खाली आला. मी मध्यापर्यंत चढून गेले आणि एकेक पाऊल हाताने धरून पायरीवर ठेवत ह्यांना उतरवलं. शेवटच्या पायरीवर घोटा मुरगळला. पाटी काढली, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी हसले नाही. बोललेही नाही, अजून बोलत नाही. हे तिथून पडले असते तर, या विचाराने मला आधी राग येतो आणि मग रडू येतं, आणि दोन्ही ह्यांना दाखवायचं नाही.

मी डोंगरावर का जाते, हे ह्यांनी एकदाही विचारलं नाही. तुम्हाला सांगते. रात्रपाळी संपवून मी घरी यायचे, तेव्हा स्वतःच्या किल्लीने दार उघडायचे आणि आवाज न करता आत जायचे. जन्मभर तसंच. डोंगरावर शेवटचा चढ संपला की आधी पोचलेलं कोणीतरी वळून हात पुढे करतं. त्या हातासाठी मी जाते.

एक तारखेला निघते आहे, आठला दुपारी परतेन. परतीची वेळ ह्यांना सांगणार नाही. पाटी ह्यांच्या आरामखुर्चीला बांधून जाणार आहे. ती मी लावली, म्हणजे मीच काढायची. परत आल्यावर पुन्हा किल्लीच काढावी लागली, तर यापुढे आठ दिवसांवर भागणार नाही, हेही मी ठरवलं आहे. ह्यांना हे सांगू नका.

तुमची माया पिशवीच्या शिवणीसारखी राहो.

तुमची,
भावजय

ता. ३० ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

बाथरूममध्ये घसरलास ना? फार वाईट झालं. किती उंच आहे रे तुमचं बाथरूम? तिथे झुडपंही आहेत म्हणे.

मी इतकी हसले की शेजारीण विचारपूस करायला आली. मग एकटी बसले तेव्हा तुझा राग आला. बायकोला अडवायला अख्ख्या डोंगराला टाळं लावायला निघालास, पण जाऊ नकोस, मला भीती वाटते, हे पाच शब्द तुझ्या तोंडून फुटले नाहीत. आणि जिला अडवायला गेलास, तिनेच तुझे पाय धरून तुला खाली आणलं.

ती कधी परतणार ते मला ठाऊक आहे आणि मी सांगणार नाही. फक्त एक प्रश्न विचारते, त्याचं उत्तर मला पाठवायची गरज नाही. ती रात्रपाळीहून घरी यायची तेव्हा दार कोण उघडायचं?

अंडी उकडायची तर पातेल्यात आधी पाणी घाल.

ताई

ता. ९ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नावर मी बराच वेळ आठवत बसलो. दार कोण उघडायचं, तेच आठवेना. मग लक्षात आलं की आठवणार कसं, मी घोरत असायचो.

बसलो म्हणजे स्टुलावर. खुर्चीवर पाटी होती. ही निघून गेल्यावर घरात बघणारं कोणी नव्हतं, पण नियम तो नियम. आठ दिवस जेवलो स्टुलावर, पेपर वाचला स्टुलावर. पाठीचे हाल झाले. अंड्यांचं तू लिहिलंस ते उशिरा पोचलं, एक पातेलं गेलं. घरात इतकी शांतता होती की मी रेडिओशी भांडलो.

काल उजाडल्यापासून स्टूल दाराशी नेऊन ठेवलं. एकदा पेपरवाल्यासाठी दार उघडलं, एकदा वरच्या मजल्यावरच्या पाहुण्यांसाठी. ते घाबरून जिन्यानेच गेले. दुपार कलली तेव्हा जिन्यात बूट वाजले. ते मी ओळखले. दार उघडलं तर ही समोर उभी, उन्हाने रापलेली, हातात किल्ली धरलेली. मी हात पुढे केला. ती त्या हाताकडे बघतच राहिली. मग तिने पिशवी न देता स्वतःचा हात दिला आणि ती रडली. मीही. हे कोणाला सांगू नकोस.

मग फेरतपासणी झाली. ओटा पाहिला, जळकं पातेलं पाहिलं, चहाचा घोट घेऊन तो बेसिनमध्ये ओतला आणि पुन्हा करायला सांगितला. मी जाऊ नकोस म्हणायला हवं होतं की लवकर ये म्हणायला हवं होतं, ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून दोन्ही म्हणून टाकलं. त्यावर तिने एवढंच सांगितलं की पुढच्या रविवारी शिडीच्या खालपर्यंत चला, वर चढायचं नाव काढू नका.

शेवटी तिने खुर्चीवरची पाटी सोडली. मी दुसरा चहा घेऊन बसायला आलो, तर ती खुर्चीत बुटांसकट झोपली होती. बुटांच्या नाड्या सोडल्या, तरी जाग आली नाही.

स्टुलाची मला आता सवय झाली आहे. ते दाराशीच ठेवलं आहे.

लोभ आहेच, हसणं आवर.

तुझा, फेरतपासणीत जेमतेम पास,
धाकटा