रजिस्टरमधला 'बंद'

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर

प्रिय मामू,

सलाम. आधी चांगली बातमी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा बीपी वाढणार नाही. फुलंब्रीकडून शहरात शिरताना जो चौक लागतो, त्याच्याजवळचा दुभाजकातला कट बुजवायचा नाही, असं परवा नक्की झालं. दोन आठवड्यांनी मी पहिल्यांदा पोटभर जेवले. अम्मी म्हणाली, "अब जान में जान आई क्या?" आली, मामू. कारण तो कट बुजवा, असं लिहिणारी मीच होते.

फोनवर सांगितलं असतं, पण तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून मामी स्पीकर लावते आणि अर्ध्या पाचोडला कळतं. शिवाय शाळेत जायच्या आधी मला मराठी बाराखडी तुम्हीच शिकवलीत, ओट्यावर बसवून गाड्यांच्या नंबरवरून आकडे वाचून घेतलेत. तुम्हाला लिहायचं तर मराठीतच आणि कागदावरच.

आमचं काम तुम्हाला एकदा नीट सांगायचं राहिलं होतं. सिग्नलवरचे कॅमेरे दर पंधरा मिनिटांना किती गाड्या कुठून कुठं वळल्या ते मोजतात. सिग्नल चालवण्यापुरता त्यांचा उपयोग, मग ते आकडे वर्षानुवर्षं नुसते साठून राहतात. आमच्या ऑफिसच्या प्रमुख मेघा मॅडमचं म्हणणं असं, की कुठं रस्ता रुंद करायचा, कुठला कट ठेवायचा, हे ठरवताना एक दिवस माणसं उभी करून मोजण्यापेक्षा ही साठवण वापरावी. मला ते फार पटलं. चार वर्षांचे आकडे मी तीन-तीनदा तपासले. रात्री उठून बेरजा आठवायचे, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहेच.

आकड्यांसोबत चौकातल्या हवालदारांच्या रजिस्टरमधल्या नोंदीही टाइप होऊन आल्या होत्या. सकाळच्या कितीतरी तासांपुढं एकच शब्द होता, 'बंद'. कॅमेऱ्याचाही त्या वेळचा आकडा नव्हता. मी समजले, रस्ता बंद. मोर्चा असेल, खोदकाम असेल, आपल्या शहरात त्याला काय तोटा! असे तास नेहमीचे नव्हेत म्हणून मी ते सगळे वगळले. दोनशे बारा तास. उरलेल्या तासांत त्या कटमधून फारसं कुणी वळत नव्हतं. तसं मी लिहिलं, अहवाल गेला, कट बुजवायचं जवळजवळ ठरलंही.

मग फोटो काढायला एका सोमवारी सकाळी तिथं गेले. दहा मिनिटांत त्र्याण्णव गाड्या वळल्या, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका वेगळ्याच. माझ्या तक्त्यात अख्ख्या तासाला चाळीस होत्या. मालनबाई नावाच्या भाजीवालीला विचारलं, हा कट बुजवला तर? ती म्हणाली, "मंग सव्वा किलोमीटरचा येढा की गं बाई. ही पाटी तू घेतीस का?" आणि खरंच पाटी माझ्यापुढं धरली.

चौकात विश्वजीत हवालदार होते. त्यांना विचारलं, इथला रस्ता इतक्यांदा बंद का असायचा? ते हसायलाच लागले. "रस्ता कशाला बंद व्हईल मॅडम? मशीन बंद! गर्दी लई झाली की सिग्नल बंद करायचा, त्याच्यासंगं कॅमेरा बी बंद, अन् शिट्टीवर चालवायचं. आमच्यात बंद म्हंजे गर्दी."

मामू, मी नेमके सगळ्यात गर्दीचे तास काढून टाकले होते.

दोन दिवस मी कुणालाच सांगितलं नाही. हे लिहिताना लाज वाटते. नोकरी कंत्राटी आहे, हेच सारखं डोक्यात येत होतं. तिसऱ्या दिवशी मॅडमच्या समोर जाऊन उभी राहिले. ऐकून त्यांनी आधी बैठकीची तारीख पाहिली. मग म्हणाल्या, "रडायचं असेल तर पाच मिनिटांत आटप. पुढच्या शुक्रवारी बैठक आहे, त्यात तूच बोलायचं." मी चार मिनिटांत आटपलं. आम्ही मूळ रजिस्टरं मागवली, सकाळी चौकात उभं राहून मोजलं, 'बंद'चे तास परत हिशोबात घेतले. बैठकीत एका साहेबांनी विचारलं, "म्हणजे तुमच्याच अहवालावर तुमचीच हरकत?" घाबरून माझ्या तोंडून "व्हय" निघालं. सगळे हसले, तेही हसले, आणि कट राहिला.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिते आहे ते. पहिल्या अहवालात मी एक ओळ लिहिली होती: 'रजिस्टर लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे नोंदी अपुऱ्या आहेत.' मूळ रजिस्टर तेव्हा मी पाहिलंही नव्हतं. ते टेबलावर आलं, पहिलं पान उघडलं, आणि तुम्ही ओट्यावर शिकवलेला तो 'ब' दिसला, पोट गोल, पाय ओळीच्या खाली लांब गेलेला. वेळ मिनिटासकट, एक दिवस चुकलेला नाही. हवालदारकीत तुमच्या इतक्या चौकांत बदल्या झाल्या की हा चौकही कधी तुमचा होता, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. ती ओळ मी बैठकीत सगळ्यांसमोर चुकीची म्हणून काढून टाकली. तो कर्मचारी कोण, हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं. तुम्हालाही कधी कळलं नसतं, आणि तेच मला सहन होईना. माफ करा, मामू. आणखी पाच चौकांची रजिस्टरं आली आहेत. त्यांत 'साहेब', 'हात', 'अर्धा' असलं काहीबाही लिहिलं आहे आणि माझ्या मनानं मी आता एकाचाही अर्थ लावणार नाही. गुरुवारी झेरॉक्स घेऊन पाचोडला येते. आधी मनसोक्त रागवा. मग चष्मा शोधून ठेवा, दिवसभराचं काम आहे.

तुमच्या रागाची वाट बघणारी, तुमचीच
आमरीन